रेंज कमी झाली की फोन का तापतो? पॉवर ॲम्प्लिफायर आणि त्याला वीज पुरवणाऱ्या चिपची गोष्ट

नवा फोन घेताना आपण काय बघतो? कॅमेरा किती मेगापिक्सेल, रॅम किती, बॅटरी किती एमएएच आणि चार्जर किती वॅटचा. दुकानदारही तेवढंच सांगतो. पण एक अनुभव जवळपास सगळ्यांचाच असेल. शहरात दिवसभर आरामात पुरणारा फोन गावी गेलं, घाटात शिरलं किंवा इमारतीच्या तळमजल्यावर बसलं की दुपारीच निम्म्यावर येतो. वर हाताला चांगलाच गरम लागतो. ॲप्स तीच, वापर तोच, बॅटरीही तीच. मग वीज जाते कुठे?

बरीचशी वीज जाते ती फोनच्या पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये. स्पेसिफिकेशनच्या यादीत त्याचं नावही नसतं. आज मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्याहून जास्त त्याला वीज पुरवणाऱ्या चिपबद्दल. ५जी आल्यापासून मोबाईल चिप बनवणाऱ्या कंपन्यांची एक मोठी चढाओढ याच जागी चालू आहे. तिचा निकाल तुमच्या माझ्या बॅटरीवर लिहिला जातो, म्हणून हे समजून घ्यायला हवं.

फोन ऐकतो स्वस्तात, बोलतो महागात

मोबाईल नेटवर्कवर दोन दिशांनी वाहतूक होते. टॉवरकडून फोनकडे येणारी ती डाउनलिंक, आणि फोनकडून टॉवरकडे जाणारी ती अपलिंक. तुम्ही रील बघता तेव्हा जड काम टॉवर करतो. त्याला ग्रीडची वीज आहे, मोठा अँटेना आहे. फोन फक्त ऐकतो आणि मधूनमधून "मिळालं, पुढचं पाठव" एवढंच सांगतो. पण तुम्ही रील अपलोड करता, व्हिडिओ कॉल लावता किंवा मित्राला हॉटस्पॉट देता, तेव्हा फोनला स्वतः ओरडावं लागतं. तेही एक-दोन किलोमीटरवरच्या टॉवरला ऐकू जाईल इतकं, आणि खिशातल्या बॅटरीवर.

हे ओरडण्याचं काम पॉवर ॲम्प्लिफायर करतो. मॉडेमकडून आलेला बारीक सिग्नल मोठा करून तो अँटेनाकडे पाठवतो. ४जी आणि ५जीमध्ये साध्या फोनला अँटेनातून जास्तीत जास्त सुमारे २०० मिलीवॅट इतकी पॉवर सोडता येते. ५जीच्या काही बँडवर काही फोनना ४०० मिलीवॅटपर्यंत परवानगी आहे. आकडा छोटा वाटतो, पण तो अँटेनातून बाहेर पडणारा आहे. बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढली जाते, आणि खरी गोम तिथेच आहे.

फोन नेहमी पूर्ण जोरात बोलत नाही. किती जोरात बोलायचं हे त्याला टॉवर सांगत असतो, तेही सेकंदाला शेकडो वेळा. टॉवर जवळ असेल तर तो म्हणतो, "अरे, हळू बोल, ऐकू येतंय." तेव्हा फोन एका मिलीवॅटच्याही खाली येतो. टॉवर दूर असेल, मध्ये डोंगर किंवा जाड भिंत असेल, तर हुकूम येतो, "मोठ्याने बोल." रेंज कमी झाली की फोन तापतो तो या हुकमामुळे.

गाडी फुल रेसवर, पाय ब्रेकवर

आता ॲम्प्लिफायर वीज वाया का घालवतो ते बघू.

समजा तुम्ही गाडी चालवताय, पण ॲक्सिलरेटर कायम पूर्ण पिळलेला आहे आणि वेग फक्त ब्रेकने सांभाळायचा आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी जोरात पळते तेव्हा फारसं काही वाया जात नाही. पण गर्दीत ताशी २० च्या वेगाने जाताना? इंजिन फुल, ब्रेक लायनर गरम आणि पेट्रोलचा धूर.

ॲम्प्लिफायरला ठरावीक व्होल्टेजची वीज दिली तर नेमकं हेच होतं. बाहेर जाणाऱ्या सिग्नलची उंची वीजपुरवठ्याच्या व्होल्टेजच्या जवळ असेल, तर वीज कामी येते. सिग्नल बुटका असेल, तर वरचं सगळं व्होल्टेज ट्रान्झिस्टरवर पडतं आणि उष्णता होऊन जातं. पाठ्यपुस्तकातल्या आदर्श क्लास-बी ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता अगदी वरच्या टोकाला ७८.५ टक्के असते. सिग्नलची उंची निम्मी झाली की तीही निम्मी होते, म्हणजे सुमारे ३९ टक्के. प्रत्यक्षातला फोनचा ॲम्प्लिफायर या आदर्शाच्या बराच खाली असतो.

म्हणजे सिग्नल कायम उंच ठेवला तर प्रश्नच मिटला, नाही का? २जीने तेच केलं होतं.

आजोबांच्या फोनला हा त्रास का नव्हता

जीएसएम म्हणजे आपलं जुनं २जी. त्यात माहिती लहरीच्या उंचीत भरलेली नसते, ती लहरीच्या फेजमध्ये असते. त्यामुळे लहरीची उंची कायम सारखी राहते. ॲम्प्लिफायर बिनधास्त वरच्या टोकाला चालवता येतो. ९०० मेगाहर्ट्झवर जीएसएम फोन २ वॅटपर्यंत जोर लावायचा, पण वेळेच्या आठ तुकड्यांपैकी एकाच तुकड्यात. बाकी सात तुकडे ॲम्प्लिफायर शांत. जुन्या बटणवाल्या फोनची ८५०-१००० एमएएचची बॅटरी अनेक दिवस जायची. तिचं मुख्य श्रेय छोट्या स्क्रीनला आणि कमी वापराला आहे, हे मान्य. पण हा सरळसाधा सिग्नलही मदतीला होता.

त्याची किंमत होती वेग. फक्त फेज बदलून जास्त डेटा कोंबता येत नाही. म्हणून ३जी, ४जी आणि ५जीमध्ये लहरीची उंचीही बदलायला लागली. ४जी-५जीमध्ये तर शेकडो बारीक लहरी एकत्र पाठवल्या जातात. मिरवणुकीत पन्नास ढोल वेगवेगळ्या ठेक्यात वाजत असताना मध्येच सगळ्यांची टिपरी एकाच क्षणी पडावी आणि एकदम मोठा आवाज व्हावा, तसं इथे होतं. बहुतेक वेळ सिग्नल मध्यम उंचीचा, आणि मधूनच एक उंच शिखर. या शिखराची पॉवर सरासरीच्या चार ते आठ पट असू शकते, कधी त्याहूनही जास्त.

ॲम्प्लिफायरला त्या शिखरासाठी तयार राहावं लागतं. शिखर कापलं गेलं तर डेटा बिघडतो आणि शेजारच्या चॅनलमध्ये घाण पसरते, जे नियमात बसत नाही. म्हणून व्होल्टेज शिखराच्या मापाने ठेवायचं आणि बहुतेक वेळ सिग्नल मात्र त्याच्या निम्म्या उंचीवर. तीच फुल रेस, तोच ब्रेक.

हा त्रास आधीच ओळखून ४जीचे नियम ठरवणाऱ्यांनी फोनकडून जाणाऱ्या सिग्नलसाठी वेगळी, कमी शिखरांची पद्धत निवडली. टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलला ती सवलत गरजेची वाटली नाही. ५जीमध्ये फोनला दोन्ही पद्धती वापरता येतात, आणि रेंज कमजोर असेल तेव्हा जुनी, कमी शिखरांची पद्धत कामाला येते. म्हणजे सगळ्या नेटवर्कच्या रचनेतच खिशातल्या एका छोट्या ॲम्प्लिफायरची काळजी घेतलेली आहे.

उपाय एक आणि उपाय दोन

पहिला उपाय सोपा आहे. टॉवरने "हळू बोल" म्हटलं की ॲम्प्लिफायरचं व्होल्टेजही खाली आणायचं, आणि "मोठ्याने बोल" म्हटलं की वर न्यायचं. याला ॲव्हरेज पॉवर ट्रॅकिंग म्हणतात, थोडक्यात एपीटी. आपल्या गाडीच्या भाषेत, घाट लागला की ॲक्सिलरेटर वाढवला, सपाटी आली की कमी केला. पण घाटातलं प्रत्येक वळण तो बघत नाही.

दुसरा उपाय जिगरबाज आहे. सिग्नलची उंची जशी क्षणाक्षणाला वरखाली होते, तसंच ॲम्प्लिफायरचं व्होल्टेजही क्षणाक्षणाला वरखाली करायचं. शिखर आलं की व्होल्टेज वर, दरी आली की खाली. सिग्नलच्या टोकांवरून काढलेल्या बाहेरच्या रेषेला एन्व्हलप म्हणतात, म्हणून हे एन्व्हलप ट्रॅकिंग, म्हणजे ईटी. प्रत्येक वळणावर ॲक्सिलरेटर बरोबर तेवढाच. ब्रेक जवळजवळ लागतच नाही.

कल्पना अजिबात नवीन नाही. डोहर्टी नावाच्या अमेरिकी इंजिनिअरने १९३६ मध्ये रेडिओ केंद्रांच्या ॲम्प्लिफायरसाठी वेगळ्या रचनेने हाच प्रश्न सोडवला. ती रचना आजही मोबाईल टॉवरमध्ये वापरात आहे. १९५२ मध्ये लेनर्ड कान यांनी वीजपुरवठ्याचं व्होल्टेजच सिग्नलप्रमाणे हलवण्याची पद्धत मांडली. फोनमधलं ईटी तिचंच दूरचं नातवंड. फरक इतकाच की कान यांच्यापुढे माणसाच्या आवाजाची, म्हणजे काही हजार हर्ट्झची चढउतार होती. फोनपुढे काही कोटी हर्ट्झची आहे.

मधल्या अडत्याचं कमिशन

आता या सगळ्या गोष्टीचा गाभा. मला हा विषय वाचताना हाच भाग सगळ्यात रंजक वाटला.

बॅटरी आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये व्होल्टेज हलवणारी एक चिप बसते. तिला सप्लाय मॉड्युलेटर म्हणतात. शेतमाल आणि बाजार यांच्या मधल्या अडत्यासारखी. अडत्याने चांगला भाव मिळवून दिला, पण स्वतःचं कमिशनच भरमसाठ घेतलं, तर शेतकऱ्याच्या हाती काय राहणार? इथेही तसंच. एकूण कार्यक्षमता म्हणजे ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता गुणिले मॉड्युलेटरची.

समजण्यापुरते साधे आकडे घेऊ. एपीटीवर ॲम्प्लिफायर २७ टक्के कार्यक्षम आहे आणि त्याचा वीजपुरवठा ९३ टक्के. गुणाकार आला सुमारे २५ टक्के. ईटी लावल्यावर ॲम्प्लिफायर ५० टक्क्यांवर गेला आणि मॉड्युलेटर ८० टक्के कार्यक्षम निघाला, तर एकूण ४० टक्के. छान फायदा झाला. पण तोच मॉड्युलेटर ६० टक्के निघाला तर? एकूण ३० टक्के. एवढी महागडी चिप बसवून, कारखान्यात प्रत्येक फोन जुळवून फायदा जेमतेम. म्हणजे ॲम्प्लिफायर सुधारणं हे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं त्याच्या वीजपुरवठ्यात आहे.

हा मॉड्युलेटर कार्यक्षम बनवणं इतकं अवघड का? बॅटरीचं व्होल्टेज कमीजास्त करणारे स्विचिंग कन्व्हर्टर ९० टक्क्यांच्या वर सहज जातात, पण ते सावकाश चालतात. चटकन हलणारा लिनिअर ॲम्प्लिफायर वेगवान असतो, पण तो स्वतःच वीज खातो. म्हणून इंजिनिअरांनी जोडी लावली. बरीचशी वीज सावकाश पण काटकसरी स्विचिंग कन्व्हर्टर देतो, आणि वरची भराभर होणारी चढउतार उधळ्या पण चपळ लिनिअर ॲम्प्लिफायर सांभाळतो. सिग्नलमधली बहुतेक ऊर्जा संथ भागात असल्यामुळे हा संसार ४जीपर्यंत बऱ्यापैकी चालला.

५जीने गाडी कुठे अडवली

४जीचा एक चॅनल जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. ५जीचा ३.३ ते ३.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला चॅनल १०० मेगाहर्ट्झपर्यंत असू शकतो. भारतात ५जीचा वेग मुख्यतः याच पट्ट्यातून येतो. चॅनल पाच पट रुंद म्हणजे सिग्नलची उंची पाच पट झटपट बदलणार. साधारण १० नॅनोसेकंदात एक चढ किंवा उतार. मॉड्युलेटरला त्याच्या मागे धावायचं आहे, आणि तेही अचूक वेळेवर. व्होल्टेज आणि सिग्नल ॲम्प्लिफायरमध्ये एकाच क्षणी पोचले पाहिजेत. एका नॅनोसेकंदाचा उशीरही चालत नाही. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे तुमच्या शाळेच्या पट्टीइतकं अंतर. एवढी जुळवाजुळव!

शिवाय चढउतार जितकी वेगवान, तितका भार उधळ्या लिनिअर भागावर जास्त. मग मॉड्युलेटरचं कमिशन वाढतं आणि वरचं गणित बिघडतं. म्हणूनच १०० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर अनेक फोननी ईटी सोडून मुकाट्याने एपीटी पत्करलं.

भारतात आणखी एक भर पडली. १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं तेव्हा एअरटेलने ४जीच्या आधारावर चालणारी नॉन-स्टँडअलोन पद्धत घेतली, जिओने स्वतंत्र स्टँडअलोन. पहिल्या पद्धतीत फोनला ४जी आणि ५जी दोन्हींशी एकाच वेळी नातं ठेवावं लागतं, म्हणजे बोलणारे ॲम्प्लिफायर दोन. दुसऱ्या पद्धतीत ५जी एकटंच पुरतं. जिओकडे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही आहे. त्याच्या लहरी दूरवर आणि भिंतीपलीकडे जास्त पोचतात, त्यामुळे फोनला कमी ओरडावं लागतं. "५जी चालू केलं की बॅटरी लवकर उतरते" ही तक्रार सुरुवातीला घरोघरी ऐकू आली, तिच्यामागे हेही एक कारण होतं.

चढाओढीत कोण कुठे

फोनमध्ये ईटी आणण्याचा पहिला मोठा गाजावाजा क्वालकॉमने फेब्रुवारी २०१३ मध्ये केला. वीज आणि उष्णता ३० टक्क्यांपर्यंत कमी होईल, असा तेव्हा कंपनीचा दावा होता. त्याच वर्षी आलेल्या सॅमसंग गॅलक्सी नोट ३ सारख्या फोनमध्ये ही चिप दिसली. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ नुजिरा नावाची एक छोटी कंपनी फक्त याच विषयावर काम करत होती. पुढे ती क्वालकॉमच्या ताब्यात गेली. २०१९ मध्ये क्वालकॉम आणि सॅमसंग या दोघांनीही १०० मेगाहर्ट्झ झेपेल अशा ५जीच्या मॉड्युलेटर चिप जाहीर केल्या. सॅमसंगचा दावाही ३० टक्क्यांपर्यंतचाच होता. हे "पर्यंत" नीट वाचायचं बरं का. तो आकडा सगळ्यात अनुकूल परिस्थितीतला असतो.

तिसरी वाट अमेरिकेतल्या एमआयटीमधून निघाली. तिथल्या दोन प्राध्यापकांनी, जोएल डॉसन आणि डेव्हिड पेरॉ यांनी, ईटा डिव्हायसेस ही कंपनी काढली. २०१६ मध्ये नोकियाने ती विकत घेतली. याच विचारातून पुढे आलेली ईटा वायरलेस २०२१ मध्ये जपानच्या मुराताने घेतली. यांची युक्ती वेगळी. व्होल्टेज सलग हलवत बसण्याऐवजी मोजक्या पायऱ्या आधीच तयार ठेवायच्या आणि सिग्नल येईल तसं एका पायरीवरून दुसरीवर झटकन उडी मारायची. उधळा लिनिअर ॲम्प्लिफायर मधून गेला आणि जागा घेतली स्विचने. याला डिजिटल ईटी म्हणतात. उडीमुळे होणारा गोंगाट आवरावा लागतो आणि सिग्नल आधीच थोडा उलटा वाकवून दुरुस्त करावा लागतो, पण रुंद चॅनलवर अडत्याचं कमिशन आटोक्यात राहतं. मला वाटतं पुढची काही वर्षं खेळ इथेच रंगेल, कारण ६जीसाठी ७ गिगाहर्ट्झच्या आसपास १०० मेगाहर्ट्झहूनही रुंद चॅनलची चर्चा चालू आहे.

बाजारही आक्रसतो आहे. फोनचे रेडिओ भाग बनवणाऱ्या दोन मोठ्या अमेरिकी कंपन्या, स्कायवर्क्स आणि कॉर्व्हो, यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये एकत्र येण्याचं जाहीर केलं. विकणारे कमी झाले की स्वस्त फोन बनवणाऱ्यांना भावासाठी घासाघीस करायला जागा कमी उरते.

तुमच्या बॅटरीत नेमका फरक किती?

आता खिशाचं गणित करू. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-अवर. अँटेनातून २०० मिलीवॅट सोडायचे आहेत. वाटेतल्या फिल्टर आणि स्विचमध्ये निम्मे जातात असं धरू, म्हणजे ॲम्प्लिफायरने ४०० मिलीवॅट द्यायचे. २५ टक्के कार्यक्षमता असेल तर बॅटरीतून १.६ वॅट ओढले जातील आणि त्यातले १.२ वॅट ॲम्प्लिफायरपाशीच उष्णता होतील. ४० टक्के असेल तर ओढले जातील १ वॅट, आणि उष्णता ०.६ वॅट. म्हणजे उष्णता थेट निम्मी.

तासभर सलग पूर्ण जोरात अपलोड केलं तर पहिल्या फोनची ८ टक्के बॅटरी जाईल, दुसऱ्याची ५ टक्के. फरक ३ टक्क्यांचा. जाहिरातीसाठी फार मोठा नाही. पण उष्णतेचा फरक मात्र हाताला कळतो. फोन तापला की प्रोसेसर मंदावतो, चार्जिंग हळू होतं आणि बॅटरीचं आयुष्यही घटतं.

आता दुसरं गणित बघा. १०० एमबीचा व्हिडिओ पाठवायचा आहे. चांगल्या रेंजमध्ये २० एमबीपीएसचा अपलोड वेग मिळाला तर ४० सेकंद लागतात. कमजोर रेंजमध्ये १ एमबीपीएस मिळाला तर ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून जास्त. ॲम्प्लिफायर दोन्हीकडे पूर्ण जोरात चालला असं धरलं, तरी वीज २० पट लागली. खरं तर चांगल्या रेंजमध्ये तो जोर लावतच नाही, म्हणजे फरक त्याहून मोठा.

उत्तम चिपने वीज १.६ पट वाचते. चांगल्या रेंजने २० पट आणि वर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं.

ज्याला गरज, त्यालाच मिळत नाही

टॉवरजवळ राहणाऱ्याचा फोन हळू बोलतो. हळू बोलताना ईटीचा फायदा इतका कमी असतो की फोन स्वतःच ते बंद करून एपीटीवर जातो. ईटी खरं कामाला येतं ते फोन पूर्ण जोरात ओरडत असतो तेव्हा, म्हणजे दुर्गम गावात, डोंगराच्या आड, जाड भिंतींच्या घरात. पण चांगला मॉड्युलेटर, त्याची कारखान्यातली जुळवणी, त्याची जागा या सगळ्याला पैसे लागतात, म्हणून ही सोय आधी महागड्या फोनमध्ये येते. स्वस्त फोनचं बऱ्याचदा एपीटीवर भागवलं जातं. मेळघाटात किंवा भामरागडकडे दहा हजारांचा फोन वापरणाऱ्या कॉलेजच्या मुलीचा ॲम्प्लिफायर दिवसभर घाम गाळतो. पुण्यात टॉवरच्या सावलीत लाखाचा फोन वापरणाऱ्याला मात्र त्या उत्तम चिपची फारशी गरजच पडत नाही.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, टॉवर जवळ आणणं हा गावातल्या फोनसाठी सगळ्यात मोठा बॅटरी अपग्रेड आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांना ४जी पोचवण्याची २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलच्या देशी ४जीचं उद्घाटन झालं, ९७,५०० हून जास्त टॉवरसकट. आपण या टॉवरकडे फक्त नेट मिळालं एवढ्याच नजरेने बघतो. पण गावात वीज जात असेल, चार्जिंगला शेजारच्या घरी जावं लागत असेल, तर जवळचा टॉवर म्हणजे दिवसातून एक चार्ज वाचणं आहे. टॉवर उभा आहे पण बॅकअप नसल्यामुळे तो बंद, असं असेल तर ही बचतही गेली. तेव्हा टॉवर किती उभे राहिले याबरोबरच किती तास चालू असतात, हेही विचारलं पाहिजे.

दुसरी गोष्ट माहितीची. फ्रिज घेताना आपल्याला बीईईचे तारे दिसतात. फोनचा सार म्हणजे शरीरात किती रेडिओ ऊर्जा शोषली जाते, त्याची मर्यादा भारतात १.६ वॅट प्रति किलो आहे, आणि तो आकडा फोनबरोबर कळतो. पण बोलताना फोन किती वीज खातो, याचा आकडा कुठेच नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनवर ऊर्जेचं लेबल सक्तीचं केलं, त्यावर एका चार्जमध्ये फोन किती तास चालतो हे द्यावं लागतं. भारतात असं लेबल आलं, आणि त्यात कमजोर रेंजमधला आकडा वेगळा दिला, तर कंपन्यांना स्वस्त फोनमध्येही चांगला मॉड्युलेटर घालायला कारण मिळेल. रिव्ह्यू करणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. वायफायवर यूट्यूब लावून बॅटरी टेस्ट करण्याबरोबर एकदा दोन काड्यांच्या रेंजमध्ये तासभर हॉटस्पॉट लावून बघा. खरा फोन तिथे कळतो.

तोपर्यंत आपण काय करायचं?

काड्यांवर विसंबू नका. प्रत्येक कंपनी काड्या आपल्या हिशोबाने दाखवते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* डायल केलं, किंवा सेटिंगमध्ये सिमची माहिती उघडली, की सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो. उणे ९० च्या आसपास किंवा त्याहून वर, म्हणजे उणे ८०, असेल तर मजेत. उणे ११० च्या खाली गेला की समजा फोन ओरडतो आहे.

मोठे अपलोड, म्हणजे फोटोंचा बॅकअप किंवा व्हिडिओ पाठवणं, चांगल्या रेंजसाठी राखून ठेवा. बॅकअपला "फक्त वायफायवर" हा पर्याय लावून टाका. बघण्यापेक्षा पाठवणं महाग असतं, हे लक्षात असू द्या.

घरात रेंज नाही पण वायफाय आहे, तर वायफाय कॉलिंग चालू करा. २०१९-२० पासून आपल्याकडे ही सोय आहे. राउटर खोलीतच असतो, त्यामुळे फोनला कुजबुजूनही भागतं.

हॉटस्पॉट देताना फोन खिडकीजवळ, मोकळा ठेवा. उशीखाली किंवा जाड कव्हरमध्ये नको. अँटेना हाताने झाकला तरी सिग्नल घटतो, आणि टॉवर लगेच "मोठ्याने बोल" म्हणतो.

लांबच्या बोगद्यात किंवा अजिबात रेंज नसलेल्या घाटात फ्लाइट मोड लावा. फोन तिथे पुन्हा पुन्हा टॉवर शोधण्यातच दमतो. ५जी कमजोर आणि ४जी भरभक्कम असेल, तर तेवढ्यापुरतं ४जीवर जायला काहीच हरकत नाही.

आणि पुढच्या वेळी दुकानात गेलात की मेगापिक्सेलनंतर एक प्रश्न जास्तीचा विचारा: "दादा, हा फोन कमी रेंजमध्ये किती तापतो?" दुकानदाराकडे बहुधा उत्तर नसेल. पण हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर कधीतरी ते उत्तर खोक्यावर छापून येईल.